बाळाची खोली, आजीची खोली

नाशिकच्या पंचवटीत हिरावाडी, मखमलाबाद रस्ता, आडगाव नाका या भागांत आता दोन-तीन बेडरूमचे फ्लॅट झाले, आणि त्यांच्याबरोबर एक नवा प्रश्नही घरात आला. बाळाला त्याच्या स्वतःच्या खोलीत कधी निजवायचं?

काळाराम मंदिराच्या आसपासच्या जुन्या वाड्यांत हा प्रश्न पडायला जागाच नव्हती. रात्री माजघरात ओळीने गाद्या पडत. बाळंतिणीची खोली असे, पण ती दोघांची. शेकशेगडी, ओवा-बाळंतशेपाची धुरी, दाराला पडदा. सव्वा महिना सरला की बाळ दिवसा पाळण्यात आणि रात्री आईच्या कुशीत.

म्हणून बाळाची वेगळी खोली हे साहेबाचं खूळ, असं कुणी म्हणेल, तर तेही खरं नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, ‘कुमारागारा’चं वर्णन आहे. वास्तू जाणणाऱ्याने बांधलेलं, अंधार नसलेलं, एकाच बाजूने वारा येणारं, उंदीर-किडे नसलेलं घर. अंथरूण-पांघरूण मऊ, हलकं, स्वच्छ हवं. घामाने-मुताने खराब झालेली वस्त्रं टाकून द्यावीत, आणि नवी मिळण्यासारखी नसतील तर धुऊन, धुरी देऊन, वाळवून वापरावीत! गरिबाच्या घरचाही विचार केलेला दिसतो. गणेशवाडीच्या आयुर्वेद महाविद्यालयातले विद्यार्थी कौमारभृत्य म्हणून हाच विषय शिकतात. मात्र चरकाच्या कुमारागारात बाळ एकटं नाही. त्याच अध्यायात धात्री, म्हणजे बाळाला पाजणारी दाई, कशी निवडावी, तेही सांगितलं आहे.

आजचे बालरोगतज्ज्ञ काय म्हणतात? अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सने 2016 मध्ये सांगितलं होतं, की बाळ आईवडिलांच्या खोलीतच, पण स्वतःच्या वेगळ्या बिछान्यावर, शक्यतो वर्षभर निजावं. 2022 मध्ये हीच मुदत ‘किमान सहा महिने’ अशी केली. झोपेत अचानक होणाऱ्या अर्भकमृत्यूंपैकी बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच होतात, म्हणून ही मर्यादा.

मधल्या काळात, 2017 मध्ये, पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी 230 मायलेकरांची पाहणी प्रसिद्ध केली. चार महिन्यांची होण्याआधी वेगळी निजू लागलेली बाळं नवव्या महिन्यात, आईवडिलांच्या खोलीतल्या बाळांपेक्षा रात्री सुमारे 40 मिनिटं जास्त झोपत होती. आकडा मोहात पाडणारा आहे, पण चाळीस मिनिटांसाठी चार महिन्यांचं बाळ भिंतीपलीकडे ठेवण्याचा सौदा शहाणपणाचा वाटत नाही. रात्री दोनदा-तीनदा पाजायला उठणाऱ्या आईला तर मुळीच नाही.

खरी काळजी खोलीपेक्षा अंथरुणाची घ्यायला हवी. बाळ उताणं निजवावं, गादी सपाट आणि घट्ट असावी, जवळ उशी नको. डोकं गोल व्हावं म्हणून कौतुकाने शिवलेली राईची उशीही नको. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहा अंशांच्या खाली जातो आणि टोपडं, कुंची, दोन दुपटी, वर गोधडी असा थाट होतो. थंडीइतकाच अति उबेचाही धोका असतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर अजिबात ठेवू नये, तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही येत नाही.

आता घराघरांतली वस्तुस्थिती. दुसरी बेडरूम रिकामी नसतेच, ती आजी-आजोबांची असते. त्यामुळे आपल्याकडे मूल आईपासून सुटतं ते आजीच्या पांघरुणात, बहुधा धाकटं भावंड आलं की. स्वतःची खोली मिळते ती अभ्यासाचं टेबल आल्यावर. हा क्रम वाईट नाही. फक्त सहा महिन्यांच्या आतलं बाळ आजीच्याही गादीवर घेऊ नये. शेजारी त्याचा वेगळा बिछाना असावा.

ज्यांना बाळ हलवायचंच आहे, त्यांनी वेळ बघून हलवावं. आठव्या-नवव्या महिन्यापासून आई दिसेनाशी झाली की मूल रडून घर डोक्यावर घेतं, आणि हे पुढे कित्येक महिने चालतं. खोली बदलायची तर त्याच्या आधी, सातव्या महिन्याच्या सुमारास बदलावी. ती संधी हुकली तर बाळ चांगलं पळू-बोलू लागेपर्यंत थांबावं. नवव्या महिन्यात हा प्रयोग केला, तर दोन्ही खोल्यांमधले दिवे रात्रभर चालू राहतात.