हिवाळ्याचं घर आणि गळाला लागलेलं शहाणपण



आज लढाईच्या गोष्टी नाहीत. आज घराची गोष्ट आहे. तुमच्यापैकी बरेच जण इंदूर, बडोदा, हैदराबाद, दिल्लीकडचे. निवृत्तीनंतर थंडीचे तीन-चार महिने कुठेतरी उबेला जावं, असं अनेकांच्या मनात असतं. माझ्याही होतं. आम्ही देहरादूनला स्थायिक झालो. जानेवारीत तिथे रात्रीचा पारा ५-६ अंशांवर येतो. आमच्या सौभाग्यवतींचे गुडघे डिसेंबरपासूनच कुरकुरायला लागतात.

मला मात्र ऊब हवी होतीच, शिवाय शिकारही. वडिलांची बारा बोअरची बंदूक माझ्याकडे होती. लहानपणी त्यांच्या तोंडून रानडुकराच्या हाक्याच्या गोष्टी ऐकलेल्या. पण १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि ते दिवस संपले. योग्यच झालं. आज कुणी दलाल तुम्हाला "इथे शिकारही चालते, साहेब" असं सांगू लागला, तर तिथूनच परत फिरा. मी बंदूक रीतसर जमा केली. हातात राहिला गळ.

मग माझ्या डोक्यात महसीर शिरला. कावेरीचा महसीर म्हणजे गळ टाकणाऱ्यांची पंढरी. पूर्वी भीमेश्वरीजवळ मासा पकडून, वजन करून परत सोडायचे कॅम्प चालत. मी नदीकाठची जागा पाहिली, भाळलो आणि २ लाख रुपये बयाणा देऊन बसलो. नंतर वन खात्याच्या कचेरीत गेलो तेव्हा कळलं की समोरचं पात्र अभयारण्यात आहे आणि तिथे गळ टाकणं बंद झालंय. बयाणा बुडाला. तीस वर्षं नकाशे वाचलेला माणूस मी, पण आधी रेकी करायची हे विसरलो. घरी आल्यावर सौ. एवढंच म्हणाल्या, "अहो, मासा तुम्ही बघितलात, माझे गुडघे कुणी बघितले?"

तेव्हा ठरवलं, आधी दोन हिवाळे भाड्याने राहायचं. जागा निवडली सिंधुदुर्गात, देवबागला. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. जानेवारीत रात्रीसुद्धा पातळ चादर पुरते. सौ. पंधरा दिवसांत काठी विसरून चालू लागल्या.

खाडीतली मासेमारी मला तिथल्या होडीवाल्या तात्यांनी शिकवली. पहिल्या दिवशी मी ओहोटीत तासभर गळ टाकून बसलो, काही लागेना. तात्या म्हणाले, "सायेब, पाणी वळांदे, मगे टाका." पाणी वळलं, जिवंत कोळंबी लावली आणि तांबोशी लागली. त्या दिवसापासून मी कॅलेंडरमध्ये तिथी बघायला लागलो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाण्याला जोर. अष्टमीच्या सुमाराला भांग, पाणी मंद. रायगडात ज्याला जिताडा म्हणतात तोच गोव्यात चोणक. तो गळाला लागला की बोटं सांभाळायची, कारण त्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी असते.

मी देवबागला घर घ्यायचं जवळजवळ नक्की केलं होतं. दारातून होडीत पाय, आणखी काय हवं? पण दुसऱ्या हिवाळ्यात एका रात्री दोन वाजता छातीत दुखायला लागलं. घामाने गंजी भिजली. सौ. अंधारात तात्यांच्या घराकडे धावल्या. त्यांच्या पुतण्याने टेम्पो काढला. मालवणला पहिली इंजेक्शनं, तिथून रुग्णवाहिकेने बांबोळीला, गोव्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात. सिंधुदुर्गातले गंभीर रुग्ण तिकडेच जातात. तो सगळा प्रवास सौ. माझा हात धरून बसल्या होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. मी वाचलो. पण त्या रात्री तात्यांचा पुतण्या गावाला गेला असता तर? हा प्रश्न मला आजही झोपेतून उठवतो.

म्हणून आमचं घर आज देवबागला नाही, कुडाळ शहरात आहे. दोन खोल्या, तळमजला, एकही पायरी नाही. महामार्ग जवळ, कोकण रेल्वेचं स्टेशन जवळ, डॉक्टर चालत जाण्याच्या अंतरावर. शेजारणी सौं.ना संध्याकाळी भजनाला घेऊन जातात. समुद्र खिडकीतून दिसत नाही. गळ टाकायचा तर गाडी काढावी लागते आणि भरती पहाटेची असली तर चारला उठावं लागतं. उठतो.

तुम्ही जागा शोधणार असाल तर क्रम असा ठेवा. पहिलं, मध्यरात्री गाडी कोण चालवेल आणि कुठे नेईल. दुसरं, दोघांपैकी जो मासे पकडत नाही, त्याचा दिवस कसा जाईल. तिसरं, तिथलं पाणी कुणाच्या अखत्यारीत आहे, परवानगी लागते का, समुद्राकाठी असेल तर किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध काय आहेत, किनारा खचतोय का. हे कचेरीत जाऊन विचारा, दलालाला नको. पावसाळ्यातही एकदा जाऊन या. जागेचं खरं रूप तेव्हाच दिसतं. मासा किती मोठा लागतो, हे सगळ्यात शेवटी.

मागच्या पौषात सौ. पहिल्यांदा माझ्याबरोबर होडीत आल्या. तात्यांनी त्यांच्या हातात दोर दिला. दोन तासांत मला काही लागलं नाही. त्यांना हाताएवढी तांबोशी लागली. परत येताना त्या एवढंच म्हणाल्या, "सोपं तर असतं."