सोरायसिस म्हणजे महारोग नव्हे
(पाड्यांवर सेवा करणाऱ्या स्वयंसेवकांच्या बैठकीत दिलेले भाषण)





आपण जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर जातो तेव्हा ताप, जुलाब, मुलांचे वजन यांची विचारपूस करतो. पण ज्याच्या कोपरांवर, गुडघ्यांवर, डोक्यात लालसर जाड चट्टे आहेत आणि त्यांवरून पांढरे खवले गळतात, तो माणूस आपल्यासमोर येतच नाही. हा महारोग आहे, असे कोणीतरी त्याला सांगितलेले असते.

हा गोंधळ फार जुना आहे. लेवीयच्या 13 व्या अध्यायात याजक चट्टे तपासतो, हे आपण वाचतो. तिथल्या मूळ इब्री शब्दात त्वचेचे अनेक विकार येत असावेत, असे अभ्यासक मानतात. युरोपातही हे दोन रोग शतकानुशतके एकच समजले गेले. 1841 साली व्हिएन्नाचे डॉ. फर्डिनांड हेब्रा यांनी ते स्पष्टपणे वेगळे केले. आपल्या पाड्यांवर मात्र ते अजून वेगळे व्हायचे आहेत.

सोरायसिस जंतूंमुळे होत नाही. शरीराची रोगप्रतिकारशक्ती बिघडते आणि त्वचा घाईने वाढू लागते. एरवी सुमारे महिनाभराने बदलणारी कातडी चार-पाच दिवसांतच वर येते व खवल्यांसारखी साचते. तो स्पर्शाने, ताटाने, कपड्याने पसरत नाही. कुष्ठरोगात चट्ट्यावर बहुधा बधिरपणा असतो, सोरायसिसमध्ये तसे नसते. तरी निदान आपण करायचे नाही, ते डॉक्टरांनीच करावे. आणि कुष्ठरोग निघाला तरी घाबरायचे कारण नाही. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि तो पूर्ण बरा होतो.

एका पाड्यावरच्या मावशींचे ताट चार वर्षे वेगळे होते. सून बाळाला त्यांच्या मांडीवर देत नसे. भगताचा पाला झाला, दुकानातले नायट्याचे मलम झाले. शेवटी आमच्या ताई त्यांना एसटीने त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी मुलाला जवळ बोलावले, मावशींचा हात स्वतःच्या हातात घेतला आणि सांगितले, "हे कोणाला लागत नाही." त्या दिवशी औषधाइतकेच काम त्या वाक्याने केले. हिवाळ्यात चट्टे पुन्हा थोडे येतात, पण ताट आता एकत्र आहे आणि नातू मांडीवर आहे.

सोरायसिस मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहतो. आजार थोडा असेल तर मलमे पुरतात. जास्त असेल तर विशिष्ट किरणांचा उपचार किंवा गोळ्या लागतात. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावावे. खवले खरवडू नयेत. दारू व तंबाखू सोडावी, मोहाची दारूही त्यात आली.

चार गोष्टी पाड्यावर आवर्जून सांगा.

पहिली, दुकानातून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचे मलम आणू नये, इंजेक्शनही घेऊ नये. स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन एकदम थांबले की आजार अंगभर उसळू शकतो.

दुसरी, मेथोट्रेक्सेटची गोळी सोरायसिससाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. डॉक्टरांना विचारून आठवडी बाजाराचा दिवस ठरवून द्या, म्हणजे विसर पडणार नाही. गरोदर स्त्रीने व मूल हवे असलेल्यांनी तसे डॉक्टरांना आधी सांगावे. ठरलेली रक्ततपासणी चुकवू नये.

तिसरी, क्लोरोक्विनसारख्या मलेरियाच्या गोळीने चट्टे वाढू शकतात. मलेरियाचा उपचार टाळू नका, पण सोरायसिस आहे हे तिथल्या डॉक्टरांना सांगा.

चौथी, बोटे सुजली, सकाळी सांधे आखडले तर लवकर दाखवा. हा आजार सांध्यांतही उतरतो आणि उशीर झाला तर बोटे वाकडी होतात. हातावर पोट असलेल्या माणसाला ते परवडणारे नाही.

आता आपले काम. तज्ज्ञ तालुक्यात रोज नसतात. जिल्ह्याला जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडे लागते आणि रांगेत काय बोलावे ही भीती असते. मंडळीतील प्रत्येक घराने वर्षातून एका रुग्णाचे भाडे उचलावे आणि एकाने सोबत जावे, एवढीच माझी विनंती आहे. पुढच्या तपासणीची तारीख आपल्या वहीत लिहून ठेवा. पहिल्या भेटीला बरेच जण जातात, दुसऱ्या भेटीलाच गळती होते.

प्रभूने कुष्ठरोग्याला बरे करताना हात पुढे करून स्पर्श केला. सोरायसिसच्या माणसाला हात लावायला तर आपल्याला धैर्यही लागत नाही. त्याच्या घरी बसा, त्याच्या हातचा चहा प्या. शेजारी ते पाहतील.

प्रभू आपल्या सेवेला आशीर्वाद देवो. आमेन.