कॅरनचा आवाज
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



अमेरिकेतील एका भावा-बहिणीविषयी मी आज चार शब्द बोलणार आहे. रिचर्ड आणि त्याची धाकटी बहीण कॅरन ‘कार्पेंटर्स’ या नावाने गात. १९६९ साली त्यांची पहिली तबकडी निघाली आणि पुढच्याच वर्षी त्यांचे गीत तेथे पहिल्या क्रमांकावर गेले. मांडणी भावाची, गळा बहिणीचा. तिला ड्रम वाजविण्याची भारी हौस. पण लोकांना वेड लावले ते तिच्या खालच्या पट्टीतील मऊ आवाजाने. शेजारी बसून कुणी मनातले सांगावे, तशी ती गाते.

४ फेब्रुवारी १९८३ रोजी, अवघी ३२ वर्षांची असताना, ती गेली. बारीक होण्याच्या ध्यासाने अन्न तुटते, असा तो आजार. त्याने तिचे हृदय थकविले. त्या आजाराचे नाव पुष्कळांनी तिच्या मृत्यूनंतरच ऐकले.

रसिक मात्र तिला विसरले नाहीत. १९९५ साली जपानात एका दूरचित्रवाणी मालिकेत ती गाणी वाजली आणि तिला कधी न पाहिलेली तरुण मुले तिच्या तबकड्या घेऊ लागली.

एवढे प्रेम, पण ते तिच्या मुखी घास घालू शकले नाही! म्हणून सांगते, घरातील लेकसून रोज पान टाळू लागली, तर ते नखरे समजू नका. रागावू नका, तिच्या बारीकपणाचे कौतुकही करू नका. तिच्याजवळ बसा, वेळीच डॉक्टरांना दाखवा.