स्थळाची चौकशी आणि मुलीचे मौन



कोल्हापुरात स्थळ आले की त्याच्यामागोमाग चौकशी निघत असे. मुलगा गडहिंग्लजचा असो वा इचलकरंजीचा, त्याच्या गावात कुणाची तरी मावशी, कुणाचा तरी मेहुणा निघेच. ती चौकशी फार निर्मळ होती, असे मात्र नव्हे. जमीन किती, ऊस किती, हे आधी विचारले जाई. मुलीच्या मनात काय आहे, हे सर्वांत शेवटी, तेही विचारलेच तर! पण मुलगा त्याच नावाचा आहे आणि अविवाहित आहे, एवढे तरी तिच्यातून कळे.

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात विवाहविषयक संकेतस्थळे आली, २००४ साली ऑर्कुट आले. मुलीला मध्यस्थावाचून बोलता येऊ लागले. घटस्फोटिता, विधवा, तिशी उलटलेली नोकरदार स्त्री, यांच्या दारी मध्यस्थ सहसा फिरकत नसे. त्यांना हे दार मोलाचे वाटले. कित्येकींचे संसार त्यातून उभे राहिले, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

त्याच दारातून भामटाही आत आला. केंद्र शासनाने २०१६ मध्ये विवाह संकेतस्थळांना सदस्यांची ओळख पडताळण्याची सूचना केली खरी. पण भामट्याची रीत ठरलेली आहे. छायाचित्र दुसऱ्याचे, पत्ता लंडनचा, पेशा डॉक्टरचा. दोन-तीन महिने तो केवळ ऐकून घेतो. जिचे घरात कुणी ऐकलेले नसते, तिला तेवढे पुरते. मग भेटवस्तू निघते, दिल्लीच्या विमानतळावर ‘अडकते’ आणि सीमाशुल्क अधिकारी म्हणवणारी कुणी बाई दूरध्वनीवरून पैसे भरावयास सांगते. वस्तुतः सीमाशुल्क विभाग कोणाच्याही व्यक्तिगत खात्यात शुल्क भरावयास सांगत नाही.

पैसा जातो, त्याहून जड ठरते ते नंतरचे मौन. ‘एवढी शिकलीसवरलेली, फसलीसच कशी?’ हा प्रश्न पोलिसांच्या आधी घरातच विचारला जातो. छायाचित्रे पसरविण्याची धमकी चालते, ती याच प्रश्नाच्या बळावर.

ज्या कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी १९१९ मध्ये स्त्रियांच्या छळाविरुद्ध कायदा केला, तेथे तरी फसवलेल्या मुलीने मान खाली घालण्याचे कारण नाही. संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याने ३ वर्षांपर्यंत कैद आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ नुसार, पाळण्याचा हेतूच नसताना लग्नाचे वचन देऊन शरीरसंबंध ठेवणाऱ्यास १० वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. या दोन्हींत अपराधी तो आहे, ती नव्हे.

१९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार गेली, तर गेलेली रक्कम बँकेत रोखून धरता येण्याची शक्यता असते. घरच्यांच्या भयाने मुलगी तीन दिवस उशीत तोंड खुपसून राहिली, तर तोवर ती रक्कम चार खात्यांतून फिरून निघून गेलेली असते.