'अज्ञात सैनिक' आणि फेला कुटी

हुकूम मिळताच विचार गहाण ठेवणाऱ्या शिपायांची थट्टा नायजेरियाचे गायक फेला कुटी यांनी १९७६ साली 'झोंबी' या गीतात केली. १८ फेब्रुवारी १९७७ रोजी सुमारे १००० सैनिकांनी लागोसमधील त्यांची वसाहत जाळली. स्त्रियांच्या करविरोधी लढ्याच्या नेत्या, त्यांच्या वृद्ध मातोश्री फुन्मिलायो यांना खिडकीतून फेकले. १९७८ मध्ये त्या निवर्तल्या. सरकारी चौकशीने दोष 'अज्ञात सैनिका'वर टाकला. फेलांनी मातेची शवपेटी लष्करी राजवटीच्या दाराशी नेली आणि पुढे लष्करी राष्ट्रप्रमुख ओबासांजो यांचे नाव घेऊन गीतातून जाब विचारला. गुन्हेगार अज्ञात ठरला की राज्यसंस्था निर्दोष सुटते. फेलांनी तिला तसे सुटू दिले नाही.