किडेपोचे अरण्य आणि तेथील माणसे
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



मुलगी व जावई कंपाला येथे नोकरीस असल्यामुळे युगांडातील किडेपो खोऱ्याचे राष्ट्रीय उद्यान मला पाहावयास मिळाले. "सिंह किती पाहिले ते आधी सांगा," असे चिटणीसबाईंनी बजावले आहे. तेव्हा सांगून टाकते : तीन. एका खडकावर पसरले होते आणि आमच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही.

हे अरण्य देशाच्या अगदी ईशान्य टोकाला, दक्षिण सुदान व केनिया यांच्या सीमांपाशी आहे. विस्तार सुमारे १,४४२ चौरस किलोमीटर. कंपालाहून मोटारीने जाण्यात सबंध दिवस मोडतो, म्हणून फारसे कोणी जात नाही. नारुस आणि किडेपो अशी दोन खोरी. किडेपो नदी वर्षातील बहुतेक दिवस नुसती वाळूच. म्हणून कोरड्या दिवसांत सारी जनावरे नारुसच्या पाण्याकडे लोटतात. रानरेड्यांचे कळप तर इतके मोठे, की मोजण्याचा नाद सोडावा लागतो. हत्ती, जिराफ, झेब्रे पाहिले. आपल्याकडून १९५२ साली नाहीसा झाल्याचे जाहीर झालेला चित्ता तेथे आहे, पण आम्हांला दिसला नाही.

किडेपोच्या काठी ताडाची झाडे आहेत, आपल्या ताडाचीच भावंडे. त्यांची फळे वेचावयास लोक येत, आणि 'वेचणे' या त्यांच्या शब्दावरूनच खोऱ्याचे नाव पडले. आता तेथे वेचावयास कोणी येत नाही. १९५८ साली इंग्रज सरकारने हे राखीव रान केले आणि माणसे बाहेर काढली; १९६२ साली राष्ट्रीय उद्यान झाले. ईक नावाचे लोक येथे शिकार करीत, कंदमुळे गोळा करीत. त्यांना डोंगरावर शेती करून जगा, असे सांगण्यात आले. पुढे अवर्षण पडले आणि उपासमारीने माणसे मेली. त्याच काळात कॉलिन टर्नबुल हे मानववंशशास्त्रज्ञ तेथे राहिले व १९७२ साली पुस्तक लिहून हे लोक निर्दय असल्याचे त्यांनी जगाला सांगितले. ईकांची भाषा अभ्यासणाऱ्या बेर्न्ड हाइने यांनी १९८५ साली ते चित्र खोडून काढले. उपाशी घराला पाहुणचार जमत नाही, हे कळायला विद्वान कशाला हवा? आपल्यापैकी कोणीही सांगितले असते.

आता प्रवेशशुल्कातील शेकडा वीस भाग शेजारच्या वस्त्यांसाठी ठेवण्याचा कायदा आहे. वाटाड्या घेऊन मोरुंगोले डोंगरावर ईकांच्या वस्तीतही जाता येते. माणसे पाहावयास जावे की नाही, याचा मला संकोच वाटत होता. मुलीच्या आग्रहाने गेले. काटक्यांच्या कुंपणातून वाकून आत शिरावे लागते. आत एक बाई धान्य दळीत होती. आमच्या मुंबईतही बोरिवलीला असे उद्यान आहे आणि त्यात आदिवासींचे पाडे आहेत, असे मी वाटाड्याकरवी तिला सांगितले. तिने जाते थांबवून विचारले, "त्यांना राहू देतात?"

काहींना हलविले, काही आहेत, असे मी म्हटले. तिने मान डोलावली आणि पुन्हा दळावयास घेतले.