गुणपत्रिका कोणाची?


२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला की, खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. संविधानाच्या कलम २१ मध्येच तो आहे. पण घरात आपण काय करतो? पोरगी दहावी पास झाली की तिची गुणपत्रिका व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकतो. आनंद खराच, पण त्यावर तिचं पूर्ण नाव, आईचं नाव, बैठक क्रमांक, सारं असतं. आपण फोटो पुसला तरी ज्यांनी उतरवून घेतला त्यांच्याजवळ तो राहतोच. म्हणून आमचे सांगणे एवढेच : आनंद जरूर कळवू या, कागद घरातच ठेवू या. आणि कळवण्याआधी लेकीला विचारू या. अधिकार तिचाही आहे.